उन्हात काळे आलेले चेहरे

दोह्यात सर्वांत काळे फोटो येतात ते लख्ख उन्हात. नव्यानं आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. कॉर्निशवर उभं राहावं, तर समोर पाणी चमकत असतं, पलीकडे वेस्ट बेच्या काचेच्या इमारती, पायाखाली फिकट फरशी, वर धुळीनं पांढुरकं झालेलं आभाळ. डोळे बारीक केल्याशिवाय बघवत नाही एवढा उजेड. त्या उजेडात, पाण्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या मुलांचा, नवऱ्याचा, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आलेल्या सासूबाईंचा फोटो काढला, की इमारती सुरेख येतात, आभाळ सुरेख येतं आणि माणसं नुसत्या काळ्या आकृत्या होऊन उमटतात.

कारण समजायला अवघड नाही. कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला समोर सासूबाई आहेत की समुद्र, हे मुळात ठाऊक नसतं. चौकटीतला सगळा उजेड तो एका मधल्या करड्या छटेवर आणून बसवतो. पडलेल्या प्रकाशातला सुमारे १८ टक्के परत फेकणारा पृष्ठभाग म्हणजे ती छटा. जग सरासरीनं तेवढं उजळ असतं असं गृहीत धरून हा हिशेब ठरला. कतार त्या गृहीतात बसत नाही. इथली वाळू फिकट, भिंती फिकट, आय. एम. पेई यांनी उभारलेल्या इस्लामी कला संग्रहालयाचा चुनखडीचा दगड फिकट, पुरुषांचे पायघोळ थोब तर पांढरेशुभ्र. धुतलेलं पांढरं कापड त्या करड्या छटेच्या चौपट-पाचपट प्रकाश परत फेकतं. अशा गोष्टींनी चौकट भरली की कॅमेरा 'फार उजेड आहे' असं समजून प्रकाश कापतो, एक-दोन स्टॉप सहज. एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश, दोन म्हणजे पाव. नवे फोन चेहरा हेरून थोडी दुरुस्ती करतात खरे, पण पाठीमागे सूर्य असला की त्यांचंही फारसं चालत नाही.

त्यातून आपले गहूवर्णी, सावळे चेहरे. हे यंत्र ज्यांनी घडवलं त्यांच्या डोळ्यांसमोर हे चेहरे नव्हते. फिल्मच्या काळात रंगीत छपाईच्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला एक नमुन्याचं कार्ड असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो असे. तिची कांती नीट आली की यंत्र बरोबर जुळलं, असं धरायचे. लोर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासिकेनं २००९ साली या कार्डांवर सविस्तर लिहिलं. गडद छटा नीट येत नाहीत ही तक्रार कोडॅककडे चॉकलेट बनवणाऱ्यांनी आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी केली, त्यानंतर फिल्ममध्ये सुधारणा झाली, असं तिनं नोंदवलं आहे. सावळ्या माणसांनी आपला चेहरा फोटोत हरवतोय हे किती वर्षं मुकाट सोसलं असेल! लहानपणी आमच्या घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक आत्या जवळपास प्रत्येक फोटोत नुसती साडी आणि दात एवढीच उरलेली होती. तिचा रंग तसा, म्हणून फोटो तसा, असंच घरात सगळे मानत. चूक फोटोची असू शकते, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

इथल्या मराठी माणसांचे काळे आलेले फोटो दुरुस्त करण्याचं काम माझ्याकडे आपसूक आलं. संक्रांतीचं हळदीकुंकू, कुणाच्या तरी व्हिलात बंद दाराआड झालेली गणपतीची आरती, मुलांची नाटुकली अशा कार्यक्रमांचे फोटो काढता काढता लोकांना कळलं, की मी कॉम्प्युटरवर बसून काहीतरी करते आणि फोटो उजेडात येतो. मग फोन येऊ लागले. "ताई, हा एक बघा ना. बाबांचा इथला हा एकच फोटो आहे." बहुतेक फोटोंमागे असं 'हा एकच' असतंच. चांगला आलेला दुसरा असता, तर कुणी काळा फोटो जपून ठेवला नसता.

पडद्यावर असा फोटो उघडला की आधी मी हिस्टोग्राम बघते. प्रकाशाच्या पायऱ्यांचा तो आलेख. चांगल्या फोटोत तो डावीकडून उजवीकडे पसरलेला असतो. या फोटोंत तो डाव्या भिंतीला चिकटून उभा असतो. तिथे, त्या चिंचोळ्या पट्टीत, सगळी माणसं असतात.

झेक्रीतच्या पुढे, ब्रूकच्या वाळवंटात, रिचर्ड सेरा या शिल्पकारानं २०१४ साली चार प्रचंड पोलादी पाट्या उभ्या केल्या. एकमेकींपासून दूर, एका किलोमीटरहून लांब पसरलेल्या, आणि जमीन खालीवर असली तरी सगळ्यांची माथी एका पातळीत. दोह्यातल्या लोकांची थंडीतल्या शुक्रवारची ती ठरलेली सहल. ओळखीतल्या एका कुटुंबानं तिथे आजोबांसोबत फोटो काढला होता. आजोबा कोल्हापूरकडचे, मुलाकडे दोन महिने राहायला आलेले. सूर्य पाटीच्या मागे कलत होता, माणसं पाटीच्या सावलीत. आभाळ केशरी, पठार सोनेरी, आणि मधोमध एक काळा ठोकळा, त्याच्या पायाशी आणखी काही काळे ठोकळे. फोटो चार स्टॉपनी कमी होता. म्हणजे माणसांवर हवा होता त्याच्या एक षोडशांश प्रकाश.

नशीब एवढंच, की मुलानं फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरनं टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढला होता. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात. चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. मात्र त्यांची वाटणी फार विषम असते. सर्वांत उजळ स्टॉपला त्यातल्या निम्म्या, ८,१९२ मिळतात. त्याखालच्याला ४,०९६, त्याखालच्याला २,०४८. जितकं अंधाराकडे जावं तितकं वाट्याला कमी येतं. चार स्टॉप खाली उतरलेल्या या आजोबांच्या कुटुंबाकडे मिळून हजारभर पायऱ्या उरल्या होत्या. कपाळापासून काळ्या बुटापर्यंतचा सगळा संसार तेवढ्यात मांडायचा. जेपेग असता तर त्याहून फार थोड्या पायऱ्यांवर काम भागवावं लागलं असतं.

दुसरी अडचण दाण्यांची. लोक त्याला कॅमेऱ्याचा दोष समजतात, पण मोठा वाटा प्रकाशाचाच. प्रकाश फोटॉनच्या कणाकणांनी येतो, आणि कण मोजके असले की त्यांच्या येण्यातला चढउतार ठळक दिसतो. सेन्सरच्या एका ठिपक्यावर दहा हजार फोटॉन पडले, तर चढउतार शंभराच्या आसपास, म्हणजे एक टक्का. डोळ्याला कळतही नाही. शंभरच पडले तर चढउतार दहाचा, दहा टक्के. हे कुठल्याही महागड्या सेन्सरनं टळत नाही. निसर्गाचाच तो नियम. काळा फोटो उजळताना आपण उजेड आणि हा चढउतार दोन्ही एकाच पटीत वाढवतो. म्हणून चेहऱ्यावर रांगोळीची पूड भुरभुरल्यासारखी दिसते.

तरीही मी एक्स्पोजरचा स्लायडर सरकवला तेव्हा जे झालं ते कितीदा पाहिलं तरी मला जुनं वाटत नाही. आधी पाटीचा गंज दिसला, तपकिरी, जांभळट, वरून ओघळलेला. मग तिच्यावर लोकांच्या तळहातांचे ठसे. मग सुनेच्या ओढणीचा रंग. आभाळ पांढरं पडू लागलं तसं मी हायलाइट्स मागे ओढले, चेहऱ्यांपुरता मास्क घातला, सावल्यांत उतरलेली हिरवट झाक काढली. आणि आजोबांचा हात दिसला. काळ्या फोटोत ते नुसते ताठ उभे होते, पाहुण्यासारखे. आता दिसलं, की त्यांनी मागून नातवाची कॉलर पकडून ठेवली होती. पोरगं पळायच्या बेतात होतं, आणि आजोबांचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतंच; त्या कॉलरीकडे होतं. हे मी घातलं नव्हतं. तिथे प्रकाश पडला होता, थोडा, पण पडला होता, आणि सेन्सरनं तो टिपून ठेवला होता. दाणे मी बऱ्यापैकी राहू दिले. ते घालवायच्या नादात आजोबांच्या दाढीचे खुंटही पुसले गेले असते.

काळ्या फोटोची ही खटपट कॉम्प्युटरच्या आधीपासूनची आहे. अन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचा 'मूनराइज, हर्नांडेझ' हा जगभर गाजलेला फोटो १९४१ सालचा. न्यू मेक्सिकोतून गाडीनं जाताना त्याला एका वस्तीच्या दफनभूमीतले पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकताना आणि वर चंद्र उगवलेला दिसला. घाईघाईत तिपाई लावली, पण प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता किती असते हा आकडा त्याला पाठ होता, त्यावरून त्यानं मनात हिशेब केला आणि फोटो घेतला. दुसरा घ्यायच्या आत क्रूसांवरचं ऊन गेलं. निगेटिव्ह धुतल्यावर कळलं, की पुढची जमीन फार पातळ आली आहे, तपशील आहे पण क्षीण. त्या निगेटिव्हचे ठसे काढणं इतकं कठीण होतं, की अखेर १९४८ साली त्यानं त्यातला खालचा भाग रसायनात बुडवून गडद करून घेतला, म्हणजे ठशात तो उजळ यावा. आज आपण शॅडोजचा स्लायडर सरकवतो ते हेच. ॲडम्सनं पुढे या निगेटिव्हचे हजाराहून अधिक ठसे काढले, आणि वर्षं गेली तसं आभाळ अधिकाधिक काळं करत नेलं. म्हणजे एकाच फोटोत त्यानं जमीन अंधारातून वर काढली आणि आभाळ अंधारात लोटलं. मला त्यात काही खोटं वाटत नाही. त्या संध्याकाळी जे झुडूप निगेटिव्हवर उमटलं नव्हतं, ते त्यानं नंतर उगवून आणलं नाही.

कतारमध्ये काळ्या फोटोंची आणखी एक जात आहे, आणि माझा जीव तिच्यात जास्त गुंततो. उन्हाळ्यातल्या पहाटेचे फोटो. २०२१ च्या निर्णयानुसार १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं. त्याआधीचा, २००७ चा नियम साडेअकरा ते तीन एवढाच होता, आणि तोही १५ जून ते ३१ ऑगस्टपुरता. नियम हवाच होता, माणसं उन्हानं पडत होती. पण कामाचे तास भरायचे तर दिवस मागे सरकतो. जूनमध्ये इथे पावणेपाचच्या सुमाराला सूर्य उगवतो, आणि त्याच्या आधीच कामगारांच्या कॅम्पच्या फाटकाशी बसगाड्या लागलेल्या असतात. डबा, पाण्याची बाटली, मानेभोवती गुंडाळलेलं कापड. ही मुलं दिवसभर मोबाइल हातात धरू शकत नाहीत, आणि संध्याकाळी जेवून पडतात. म्हणून त्यांचे फोटो निघतात ते या वेळी, बसच्या दाराशी, एका दिव्याच्या उजेडात, साध्या फोनवर.

असा एक फोटो दापोलीकडच्या एका ड्रायव्हरनं माझ्याकडे आणला. तो, सोलापूरचा एक, आणि नेपाळचे दोघे, सगळे एकाच खोलीत राहिलेले. त्यातला सोलापूरचा कायमचा गावी निघाला होता, त्या दिवशीचा फोटो. व्हॉट्सॲपवरून दोन-तीन फोन फिरून आलेला. प्रत्येक फेरीत तो आणखी दाबला गेला होता. मी शॅडोज वर नेले, तर अंधारातून माणसांऐवजी चौकोन वर आले. जेपेगमध्ये चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे करून साठवण होते, आणि फाइल लहान करायची झाली की डोळ्याला न जाणवणारा तपशील आधी टाकला जातो. अंधारातला तपशील डोळ्याला जाणवत नाही. म्हणून तो पहिला जातो.

त्याच्या खोलीतल्या कुणीतरी तोवर एका फुकटच्या ॲपमध्ये तो फोटो टाकून पाहिला होता. त्याचा निकालही त्यानं मला दाखवला. फोटो लखलखीत झाला होता. चौघांचे चेहरे गुळगुळीत, डोळ्यांत चमक. तिघे थोडेफार ओळखू येत होते. चौथा, कडेला उभा असलेला नेपाळचा मुलगा, जवळजवळ पूर्ण अंधारात होता. तिथे ॲपनं एक पूर्ण चेहरा बसवला होता, गोरटेला, सरळ नाकाचा, छान हसणारा. तो कुणाचाच नव्हता. "आम्ही आधी हसलो," ड्रायव्हर म्हणाला, "पण त्याला वाईट वाटलं ताई. तो म्हणाला, मी होतो ना तिथे."

हे का होतं तेही समजून घ्यायला हवं. चेहरे सुधारणारी बरीच मॉडेलं फ्लिकर या संकेतस्थळावरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या संचावर शिकलेली आहेत. अस्पष्ट ठिपके दिले की ती 'इथे कोण उभं असेल' असं विचारत नाहीत; त्या ठिपक्यांना बसेल असा एक चेहरा आपल्या शिकवणीतून रचतात. २०२० साली ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या 'पल्स' नावाच्या प्रोग्रामला बराक ओबामांचा अस्पष्ट केलेला फोटो दिला, तेव्हा त्यानं एक गोरा माणूस काढून दाखवला, आणि जगभर त्याची चर्चा झाली. शर्लीची आठवण येते ती इथे.

सगळं नवं तंत्र असं नाही. २०१८ साली चेन चेन आणि सहकाऱ्यांनी अंधारातल्या रॉ फोटोंवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच दृश्याचा क्षणभराचा काळा फोटो आणि कॅमेरा तिपाईवर तसाच ठेवून बराच वेळ प्रकाश घेऊन काढलेला फोटो, अशा जोड्या त्यांनी संगणकाला दाखवल्या. शंभर ते तीनशे पट उजळवूनही रंग जागेवर राहिले. लाइटरूम या फोटो दुरुस्त करण्याच्या प्रोग्राममध्ये २०२३ साली आलेलं दाणे काढण्याचं साधनही रॉ फाइलवर काम करतं, आणि मी ते वापरते. दाणे कसे पडतात हे शिकलेलं यंत्र आणि चेहरे कसे असतात हे शिकलेलं यंत्र यांत मला मोठं अंतर वाटतं. पहिलं यंत्र समोर जे आहे त्यावरची धूळ झटकतं. दुसऱ्याला समोर कोण आहे याच्याशी काही घेणंदेणं नसतं.

मग मी तो फोटो हातानं केला. मूळ फोन कुणाचा ते शोधायला लावलं, त्यातून न दाबलेली फाइल मिळवली. तिघांचे चेहरे जेवढे येत होते तेवढे वर आणले. रंग फार बिघडले होते, तिथे ते थोडे उतरवले. चौथ्याचा चेहरा आला नाही. हेल्मेटचा पट्टा आला, उजवा खांदा आला, कमरेवर ठेवलेल्या हाताची कडा आली. तेवढ्यावर मी थांबले आणि फोटो पाठवला. मला वाटलं होतं, हा अर्धामुर्धा फोटो त्यांना आवडणार नाही. ड्रायव्हरनं दुसऱ्या दिवशी फोन केला. "त्याची उभं राहायची स्टाइलच आहे ती. एक खांदा खाली. सगळ्यांनी लगेच ओळखला." ज्यांनी एका खोलीत पाच उन्हाळे काढले त्यांना ओळखायला एक खांदा पुरला.

आखातातून गावी जाणारा फोटो कसा पाहिला जातो, हे इथे राहणाऱ्यानं विसरू नये. रत्नागिरी, रायगडच्या खाडीकाठच्या कित्येक घरांतून दोन-दोन, तीन-तीन पिढ्या इकडे आल्या. पूर्वी फोटो पाकिटातून यायचा, आता क्षणात येतो, पण आईची नजर तीच. ती मागची इमारत बघत नाही. गळ्याची हाडं वर आली आहेत का, घड्याळ मनगटावर ढिलं झालंय का, डोळे आत गेलेत का, हे ती बघते. 'बरा आहे' असं पोरगा फोनवर सांगतोच. खरं काय ते ती फोटोत शोधते. अशा फोटोतला दाणा न् दाणा पुसून, कातडी गुळगुळीत करून दिली, तर तिच्या हातातली एकुलती खूण आपण काढून घेतो.

पण पोराचंही म्हणणं असतं. एकानं मला स्पष्टच सांगितलं, "डोळ्यांखालचं काळं घालवा ताई. आई रडत बसते, मग मला इथे कामात लक्ष लागत नाही." आणखी एक जण व्हिडिओ कॉल नेहमी दिव्याकडे पाठ करून करायचा, मुद्दाम. त्याचे फोटोही तसेच काळे, आणि ते कुणी उजळवून द्यावेत अशी त्याची इच्छा नव्हती. त्याच्या बहिणीनं ते माझ्याकडे पाठवले होते. मी स्लायडर सरकवला असता तर सगळं दिसलं असतं, तेवढा प्रकाश होता. मी तिला सांगितलं, आधी त्याला विचार. त्यानं नको म्हटलं. मी फाइल बंद केली.

पहिल्यासाठी मी काय केलं? डोळ्यांखालचं काळं मी घालवत नाही, हे त्याला सांगितलं. पण त्याच्या फोटोत ते काळं दुप्पट दिसत होतं, वरून येणाऱ्या एकाच दिव्यामुळे. डोळ्यांच्या खोबणीत सावली साचली होती. ती सावली मी उचलली, जेवढी दिव्यानं पाडली होती तेवढी. थकवा राहिला, तो त्याचा होता. फोटो बघून तो म्हणाला, "आता मी दिसतो तसा दिसतोय." हा फोटो त्यानं आईला पाठवला की नाही, मी विचारलं नाही.

आणि एक काम मी न चुकता करते: मूळ फाइल तशीच ठेवते आणि दोन्ही परत देते. ही शिस्त मी जुन्या कागदपत्रांचं जतन करणाऱ्यांकडून घेतली. कतारच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ब्रिटिश लायब्ररीबरोबर २०१४ साली कतार डिजिटल लायब्ररी सुरू केली, तिच्यात आखाताचे जुने दस्तऐवज, नकाशे, फोटो कुणालाही बघता येतात. मुंबईच्या माणसाला त्यात एक ओळखीचा धागा सापडतो. बुशहरची ब्रिटिश रेसिडेन्सी, जिथून आखाताचा कारभार चाले, ती १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती, आणि या पाण्यातले मोती विकायला मुंबईच्या बाजारात जात. हेर्मान बुर्खार्ट या जर्मन प्रवाशानं १९०४ साली दोह्यात काढलेले फोटो या शहराच्या सर्वांत जुन्या फोटोंत गणले जातात. संग्रहांत असा जुना फोटो स्कॅन करताना पहिली प्रत डाग, चिरा, काळोखासकट जशीच्या तशी घेतात आणि तिला हात लावत नाहीत. स्वच्छ करायचं ते दुसऱ्या प्रतीवर. पन्नास वर्षांनी कुणाकडे आजच्यापेक्षा चांगलं साधन असेल, किंवा आज ज्याला आपण डाग समजलो तोच कुणाला हवा असेल. घरच्या फोटोंनाही हाच मान द्यायला हवा. आजोबांच्या त्या कोल्हापूरच्या घरात आता उजळ फोटो फ्रेममध्ये आहे, आणि काळी रॉ फाइल मुलाच्या हार्ड डिस्कवर.

अलीकडे मी फोटो हातात येण्याच्या आधीचं सांगत बसते, कारण निम्मं काम तिथेच होतं. फोन धरल्यावर पडद्यावर माणसाच्या चेहऱ्यावर बोट ठेवा, मग शेजारी येणारी सूर्याची खूण वर सरकवा. आभाळ पांढरं पडलं तर पडू द्या, आभाळ उद्याही असेल. कॉर्निशवर माणसाला पाण्याकडे तोंड करून उभं करा आणि इमारतींचा नाद सोडा. दुपारी पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहिलात, तर भिंतीवरून उलटलेला उजेड चेहऱ्यावर येतो, तो फार मऊ असतो. पहाटे बसच्या दारातल्या दिव्याकडे तोंड करा, फोन हातात न धरता बॉनेटवर टेकवा, नाइट मोड लावा आणि दोन-तीन सेकंद कुणी हलू नका. वेळ दिला की अंधारातही फोटॉन गोळा होतात. आणि व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल दाबली जात नाही.

दापोलीच्या ड्रायव्हरनं हे सगळं खोलीतल्या इतरांना शिकवलंय. सोलापूरच्याची जागा आता नांदेडच्या एकानं घेतली आहे. त्यांच्याकडून येणाऱ्या फाइल हल्ली मोठ्या असतात, उतरायला वेळ लागतो, आणि शॅडोज वर नेले तरी त्यांत चौकोन दिसत नाहीत.